नवऱ्यांची फाइल

बाळांनो, त्या दिवशी फोनवर तुम्ही विचारलंत की आजी, हळदीकुंकवात एवढं घडलं तरी काय? मी सांगायला लागले आणि दुसऱ्याच वाक्याला मला हसू आवरेना. मग तुमच्या आजोबांनी फोन घेतला आणि गोष्ट शेवटापासून सांगायला सुरुवात केली. तुम्हाला काहीही कळलं नाही. म्हणून आता लिहून पाठवते. लिहिताना मधे कुणी बोलत नाही आणि सुरुवात सुरुवातीलाच करता येते. नावं मात्र कुणाचीच लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

सुरुवात मोठी मायपासून करायला हवी. ती सुरतेत गोडादऱ्यात राहायची. पन्नासच्या वर वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर खानदेशातून सुरतेला आली. तो लूमवर, म्हणजे कापडाच्या मागावर, कामाला लागला, ती घरी साड्यांना टिकल्या लावायला लागली. पुढे मुलांनी स्वतःचे लूम टाकले. मी शिकवायचे त्या शाळेत ती मुलं माझ्या वर्गात होती, तिथून आमची ओळख. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी आहे, पण चालताना मला मागे टाकते. तिला सगळा गोडादरा मोठी माय म्हणतो, म्हणून मीही म्हणते.

मोठी मायला लिहिता-वाचता येत नाही, पण उखाणे ती उभ्या उभ्या करते. लग्न असो, बारसं असो, डोहाळजेवण असो, बायका तिच्या ओट्यावर येऊन बसायच्या: "माय, एक करून दे ना." ती विचारायची, नवरा काय काम करतो, काय आवडीने खातो, कशावरून चिडतो. नाव विचारायची नाही. नावाच्या जागी ती "फलाणाराव" म्हणायची आणि उखाणा हातात ठेवल्यासारखा द्यायची. एक ऐका:

तापीच्या पुलावर वाऱ्याची गर्दी,
फलाणाराव घरी आले की पळते माझी सर्दी.

आणि हा कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्याच्या बायकोसाठी केलेला, पण पुढे सगळ्यांनीच उचलला:

बारडोलीचा ऊस गोड, कतारगामचा हिरा कडक,
फलाणाराव बाहेर मवाळ, घरात मात्र भडक.

असे तिचे उखाणे मी वर्षानुवर्षं टिपून ठेवत आले, आधी वहीत आणि निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटरवर.

गंमत अशी की साऱ्या गल्लीला उखाणे पुरवणाऱ्या या बाईने स्वतःच्या नवऱ्याचं नाव जन्मात घेतलं नव्हतं. लग्न होऊन सासरच्या दारात उभी राहिली तेव्हा नणंदांनी दार अडवलं होतं. उखाणा पाठ होता. नावापर्यंत आली आणि जीभ अडकली. नणंदा हसल्या, शेजारणी हसल्या, शेवटी सासू म्हणाली की येऊ द्या तिला आत, भात गार होतो आहे. ती नाव न घेताच आत गेली, ती कायमची. नवऱ्याला हाक मारायची तर "आयकतस का" म्हणायचं. म्हातारा सगळी वर्षं तिला चिडवत आला: "साऱ्या गावाचे नवरे वाजवलेस, तुझाच तेवढा मुका राहिला."

गेल्या डिसेंबरात एका सकाळी ती माझ्याकडे आली. मी मेथी निवडत होते. तीही जुडी ओढून निवडायला बसली. अर्धी जुडी झाल्यावर म्हणाली, "बाई, आम्ही रथसप्तमी झाली की गावाला चाललो. कायमचं. ही संक्रांत आठली शेवटली."

मी काही बोलणार तोच पुढे म्हणाली, "माले त्यासनं नाव लेनं शे. एकदाच. बठ्ठ्यासना समोर."

तिची अहिराणी मला पूर्ण कळते, पण लिहिता नीट येत नाही, तेव्हा सांभाळून घ्या. आठली म्हणजे इथली. तिला नवऱ्याचं नाव घ्यायचं होतं, सगळ्यांसमोर.

"मग घे की. तुझ्याएवढे उखाणे कुणाला येतात?"

"दुसरीले करी देस. मालेच सुचत नई. तू कर."

"आणि पुन्हा तोंड उघडलं नाही तर?"

तिने हातातली मेथीची काडी बाजूला ठेवली. "छापील कागद हातात दे. छापील कागद हातात असला म्हणजे माणूस कोर्टातसुद्धा बोलतो."

यातूनच मला कल्पना सुचली. आमच्या मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू असतं, त्यात दर वर्षी वाण म्हणून प्लास्टिकचे डबे वाटतात. यंदा मोठी मायच्या उखाण्यांची छोटी वही वाटायची. आणि साधी नव्हे. प्रत्येकीच्या वहीत प्रत्येक उखाण्यात तिच्याच नवऱ्याचं नाव छापलेलं! बायका एकशे सव्वीस, उखाणे सोळा. मोठी मायच्या वहीत मी केलेला एक जास्तीचा.

मंडळाच्या अध्यक्षीणबाईंनी नाक मुरडलं. "वही? त्यात ठेवायचं काय?"

"काही नाही. वाचायची."

"यंदाच्या डब्यांना निळं झाकण आहे," त्या म्हणाल्या. पण मतदानात वही जिंकली.

आता तो एडिटर, म्हणजे मी कॉम्प्युटरवर ज्याच्यात लिहिते तो. तुमच्या बाबांनी मला जुना लॅपटॉप दिला तेव्हा त्यात हा होता. ना चित्रं, ना बटणं, नुसती अक्षरं. तुमच्या बाबांना वाटलं मी तो उघडणारही नाही. मला तो पहिल्या दिवसापासून आवडला, कारण त्याला शिस्त आहे. त्याच्यात लिहिण्याची वेळ वेगळी आणि हुकूम देण्याची वेळ वेगळी. वर्गात मीही हेच करत असे: शुद्धलेखन चाललं असताना सूचना नाहीत, सूचना चालल्या असताना पेन खाली. त्याची मदतीची पानं इंग्रजीत आहेत, जुन्या कडक हेडमास्तरांनी लिहिल्यासारखी. मी ती पट्टी आणि पेन्सिल घेऊन रोज दुपारी दोन पानं अशी वाचून काढली.

त्यातून कळलं की या एडिटरला स्वतःची एक छोटी भाषा आहे. ही फाइल वाच, हा शब्द शोध, त्याच्या जागी तो घाल, नव्या फाइलीत लिहून ठेव, आणि हे यादी संपेपर्यंत करत राहा. असे हुकूम ओळीने लिहून ठेवले, म्हणजे एक कार्यक्रम केला, की तो ते पाळतो. एकदाच सांगायचं! बाळांनो, मी आयुष्यभर एकेक सूचना चार चार वेळा दिली आहे. पहिल्यांदा त्याने माझं ऐकलं तेव्हा मला खुर्चीत बसवेना.

वहीचं काम तर त्याच्यासाठीच जन्मलेलं होतं. एका फाइलीत सोळा उखाणे, जिथे तिथे फलाणा. दुसऱ्या फाइलीत बायकांची नावं, एका ओळीला एक. तिसरीत त्याच क्रमाने नवऱ्यांची. पहिली बाई घे, पहिला नवरा घे, सगळे फलाणे काढून त्याचं नाव घाल, एक वही लिही. मग दुसरी बाई, दुसरा नवरा.

तुम्ही विचाराल, बायको आणि नवरा एकाच ओळीत का नाही लिहिले? कारण ते एका वेळी मिळालेच नाहीत. बायकांची यादी मंडळाच्या रजिस्टरमधून एका बैठकीत उतरवली. पण नवऱ्यांची नावं विचारायला गेले तर निम्म्या जणी पदर तोंडाला लावून उभ्या. नव्या मुली फटकन सांगतात, त्यांचं काही नाही. पण माझ्या वयाच्या? एकीने रेशनकार्ड आणून समोर धरलं. एकीने भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे बोट केलं, फोटोखाली नाव होतं. एक म्हणाली, "संध्याकाळी या, ते असतील, त्यांनाच विचारा." अशी तीन आठवडे नवऱ्यांची वेगळी फाइल भरत गेली. त्या फाइलीला मी "नवरे" असंच नाव दिलं होतं. आजोबा येता-जाता विचारायचे, "आज किती नवरे झाले?"

मोठी मायच्या म्हाताऱ्याने मात्र मला बोलवायला लावलं नाही. कडक इस्त्रीचा शर्ट घालून स्वतः आले. खुर्चीवर बसले आणि माझ्या प्रत्येक अक्षराकडे बघत एकेक अक्षर सांगितलं. टाइप झाल्यावर म्हणाले, "जरा मोठं करून दाखवा." मी अक्षरं मोठी केली. बघत राहिले. "ती घेईल ना हो, बाई?"

"घेईल."

"तुम्ही लिहिलं म्हणजे घेईल," ते म्हणाले आणि चहा न घेताच गेले. त्यानंतर ही वही मला वाण वाटेनाशी झाली, परीक्षेचा पेपर वाटायला लागली.

कार्यक्रम पहिल्यांदा चालवला तेव्हा एडिटर म्हणाला, शेवटची ओळ राहिली आहे. राहिली होती. चूक सांगितली, टोमणा मारला नाही. सासरी मला असं कुणी भेटलं नव्हतं. दुसऱ्यांदा चालवला तेव्हा ज्या उखाण्यात नाव दोनदा येतं तिथे पहिलं बदललं आणि दुसरा फलाणाराव तसाच राहिला. आजोबा वाचून म्हणाले, "या बाईला दोन नवरे दिलेस!" प्रत्येक ओळीतले सगळे बदल, असं एक अक्षर जास्तीचं घालून सांगावं लागतं. ते घातलं. आणखी एक मजा म्हणजे हा एडिटर यादी शून्यापासून मोजतो. यादी मीच करत होते म्हणून पहिलं नाव माझं, तेव्हा माझ्या वहीचा नंबर शून्य. आजोबा दिवसभर स्वतःला "शून्य नंबरचा नवरा" म्हणवून घेत होते.

मग एका दुपारी मी पुन्हा हुकूम दिला आणि डोळ्यांचं पातं लवायच्या आत एकशे सव्वीस फाइली उभ्या! मी हातात पळी घेऊन स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या. आजोबा धावत आले, "काय जळलं?" मी त्यांनाही धरून फिरवलं. आमटी खरंच लागली होती, पण ते नंतर कळलं.

पहिल्या तीन वह्या तपासल्या, तिन्ही बरोबर. तिथेच थांबायला हवं होतं. पण मला स्वस्थ बसवत नाही, तुमच्या बाबांना विचारा. माझ्या मनात आलं, एकाच नावाचे नवरे किती असतील? नुसती हौस. एडिटरला एक शब्द सांगितला की तो सगळ्या ओळी अकारविल्हे लावतो. सांगितला. नवरे झटकन रांगेत उभे राहिले, अ पासून ह पर्यंत, काय सुरेख दिसत होते! एकाच नावाचे सात निघाले. मला इतका आनंद झाला की दर पाच मिनिटांनी फाइल जपून ठेवायची माझी सवय आहे, तशी मी तीही ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी अक्षरं थोडी मोठी केली आणि कार्यक्रम पुन्हा चालवला. या वेळी फक्त माझी वही बघितली. बरोबर होती. तुमच्या आजोबांचं नाव अ ने सुरू होतं, रांगेतही ते पहिलेच होते.

छापायला झेरॉक्सवाल्याकडे गेले. त्याने पाच-सहा वह्या काढल्या आणि थांबला. "मासी, आ बधी चोपडी जुदी-जुदी छे के शुं?"

"हा भाई, बधीना वर जुदा छे ने!"

सगळ्यांचे नवरे वेगळे म्हटल्यावर तो इतका हसला की यंत्रात कागद अडकला.

वह्यांना पुठ्ठे केले साडीच्या रिकाम्या खोक्यांचे. सोनेरी, गुलाबी, पोपटी. पुठ्ठ्यावर बाईचं नाव आणि आत फक्त उखाणे. दोऱ्याने बांधून प्रत्येक वही तिळगुळाच्या पुडीबरोबर पिशवीत घातली. एकही पुन्हा उघडून बघितली नाही. कशाला बघू? एडिटर चुकत नाही. खरोखरच तो चुकला नव्हता.

मोठी माय रोज येऊन मी केलेला उखाणा पाठ करत होती. मी केलेला होता असा:

संसाराच्या वेलीवर सुखाची फुले,
फलाणारावांच्या संगतीने जीवन माझे खुले.

ती मुकाट पाठ करायची. एकदा म्हणाली, "बाई, हा उखाणा पाहुण्यासारखा वाटतो." मला थोडा राग आला होता.

हळदीकुंकू गोडादऱ्यातल्या एका सोसायटीच्या हॉलमध्ये होतं, दुपारी चार वाजता. बायकांना स्कूटरवरून सोडायला आलेले नवरे बाहेर लोचो या सुरती खाण्याच्या गाडीभोवती उभे होते, त्यांत तुमचे आजोबा आणि मोठी मायचा म्हाताराही. मोठी माय हिरवं नऊवारी नेसून पहिल्या रांगेत सुनेजवळ बसली होती. ओठ हलत होते. वही मिळाली तशी तिने दोन्ही हातांत घट्ट धरली, उघडली नाही.

बँकेत काम करणारी एक नवी मुलगी उठली. "मी आधी!" म्हणाली, वही उघडली आणि पुढे न बघता खणखणीत आवाजात वाचायला लागली: बारडोलीचा ऊस गोड, कतारगामचा हिरा कडक, आणि पुढे भलत्याच माणसाचं नाव घेऊन, ते बाहेर मवाळ आणि घरात भडक.

तो माणूस शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंचा नवरा होता. बाईंनी मान वळवली. "काय गं, ते घरात भडक आहेत हे तुला कसं कळलं?"

मग जे हसू फुटलं! दुसरीने आपली वही उघडली आणि किंचाळली, "अगं, मला माझे दीर आलेत!" तिसरी म्हणाली, "माझ्याकडे गणिताचे सर!" चौथी नुसतीच लाजली, कुणाचं नाव आलं ते तिने आजतागायत सांगितलेलं नाही.

मला तर दिसलंच. अ पासून ह पर्यंत सुरेख उभे असलेले नवरे माझ्या डोळ्यांसमोर आले. बायका रजिस्टरच्या क्रमाने आणि नवरे अकारविल्हे. मला काळजी पडली ती बाकीच्या बायकांची नाही. पहिल्या रांगेत ती वही छातीशी धरून बसलेल्या एकीची.

पण शाळेत इतकी वर्षं काढलेली बाई खुर्चीवर चढतेच. मी चढले आणि ओरडले, "शांत! चूक माझी आहे. पुठ्ठे बरोबर आहेत, आतली पानं चुकलीत. आपापल्या नवऱ्याचं नाव मोठ्याने सांगा. ज्या वहीत ते असेल तिने वही वर करा. पानं घ्यायची आणि आपल्या पुठ्ठ्यात घालायची."

काय सांगितलं हे माझ्या लक्षात यायच्या आत ते सुरू झालं होतं. शंभरावर बायका एकदम नवऱ्यांची नावं घेऊन ओरडायला लागल्या. आधी नव्या मुली, मग मधल्या, आणि मग ज्यांनी मला रेशनकार्ड दाखवलं होतं त्यासुद्धा! उखाणा नाही, पदर नाही, भाजीवाल्याला हाक मारावी तशी नावं. "इकडे आहेत, माझ्याकडे!" "अगं फाडू नकोस त्यांना!" त्या सातजणांचं नाव कुणी घेतलं की सात बायका एकदम उठायच्या. एक म्हणाली, "माझे राहू देत तिच्याकडे चार दिवस."

आणि बाहेर, बाळांनो, बाहेर लोच्याच्या गाडीवर प्रत्येकाला आपलं नाव ऐकू गेलं. दारात माणसांची गर्दी झाली, हातात प्लेटा, तोंडात घास. "मला बोलावलं?" "काय झालं?" एकाच नावाचे तिघे एकाच वेळी आत आले आणि तिघांनाही हाकललं. तुमचे आजोबाही येऊन उभे राहिले. त्यांना कुणी हाक मारली नव्हती, माझी वही बरोबरच होती. पण चेहरा असा होता की मी खुर्चीवरूनच त्यांचं नाव घेतलं, मोठ्याने. ते एवढंच म्हणाले, "हजर!"

अर्ध्या तासात जवळजवळ सगळे नवरे घरोघर पोचले. मी खाली उतरून मोठी मायकडे गेले. ती तशीच बसली होती. सुनेने तिची वही उघडून बघितली होती, आत भलताच माणूस होता. सून रडवेली झाली होती. "बाई, सगळ्यांचे मिळाले. आमचे मामा कुणाकडे आहेत ते मी कसं विचारू? सासऱ्यांचं नाव मी कसं घेऊ?"

नाव मला माहीत होतं. अक्षरं मोठी करून मीच दाखवलं होतं. मी वळले, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायला तोंड उघडलं, तर मोठी मायने माझा दंड धरला.

"थांब, बाई. मना म्हतारा मीच धुंडसू."

ती उठली. नऊवारीचा काष्टा सारखा केला, हातातली वही सुनेला दिली आणि हॉलच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आणि पन्नास वर्षांवर तोंडात धरून ठेवलेलं ते नाव तिने घेतलं. नुसतं नाव. राव नाही, उखाणा नाही. वरच्या पंख्यापर्यंत जाईल एवढ्या आवाजात, आणि रागाने, म्हातारा बाजारात हरवावा तशा.

आणि दारातून, रोज चहाला हाक आल्यासारखा, म्हाताऱ्याचा आवाज आला:

"काय व?"

ते दारात उभे होते. इस्त्रीचा तोच शर्ट. एका हातात लोचो, तो तिरका होऊन शर्टावर सांडत होता. मोठी माय त्यांच्याकडे वळली. दोघांच्या मधे दाराचा उंबरा. या खेपेला ती आत होती आणि तो बाहेर. मी केलेली सुखाची फुलं तिने तिथेच टाकून दिली. माझ्या डोळ्यांसमोर, उभ्या उभ्या, तिने तिचा स्वतःचा उखाणा केला:

उभा धागा, आडवा धागा, तेव्हा होतं कापड,
साऱ्या वह्या धुंडाळल्या, फलाणाराव, आता तरी सापड!

फलाणा मी लिहिलं आहे. तिने खरं नाव घेतलं. ते इतक्या वर्षांनी तिच्या तोंडून बाहेर पडलं, तेव्हा ते तिचंच राहू दे. आणि तिचं लिहायचं नाही तर बाकीच्यांची तरी कशाला? म्हणून या लिखाणात कुणाचंच नाव नाही.

म्हाताऱ्यांनी उंबऱ्यावर पाऊल ठेवलं. "सापडलो," एवढंच म्हणाले. मग बायकांनी त्यांना आत घेतलं, हळदीकुंकवाच्या हॉलमध्ये, नियम मोडून. कुणीतरी गुलाबपाणी शिंपडलं. लोच्यावरही शिंपडलं.

त्यांची पानं कुठे होती ते शेवटी कळलं. अध्यक्षीणबाईंनी आपली वही उघडलीच नव्हती. रागाने खुर्चीवर ठेवून वर बसल्या होत्या. वही बाहेर काढली तेव्हा म्हातारे म्हणाले, "एवढा वेळ मला श्वास का येत नव्हता ते आता कळलं." अध्यक्षीणबाई सगळ्यांत मोठ्याने हसल्या. पुढच्या वर्षीही वह्याच वाटू, असं त्यांनीच जाहीर केलं.

मी घरी येऊन कार्यक्रमात एक बदल केला. आता बायको आणि नवरा एकाच ओळीत, मधे एक उभी रेघ. अकारविल्हे लावले तरी जोडीने जातील. आजोबा म्हणाले, "नको गं, आधीचंच बरं होतं." मी तो जुना चुकलेला कार्यक्रमही ठेवला आहे, पुसवत नाही.

मोठी माय रथसप्तमीनंतर गावाला गेली. जाताना मला म्हणाली, "तुना उखाणा वाईट नव्हता." म्हणजे वाईट होता. मधे मी फोन केला तर मागून तिचाच आवाज येत होता, अंगणातून घरात, घरातून शेताकडे, त्याच एका नावाने मारलेल्या हाका. शेळी सुटली, पाणी आलं, जेवायला चला, चष्मा कुठे ठेवला.

फोन म्हाताऱ्यांनी घेतला होता. म्हणाले, "बाई, तुमनं ते मशीन आते बंद करा. हाई दिनभर मनं नाव लेस."

मी म्हटलं, "बरं, सांगते तिला."

"नका, नका," ते घाईने म्हणाले, "सांगू नका."